ह्याला जरा समजावून सांगा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात एका मानसशास्त्रज्ञ भगिनींनी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

पाण्याच्या टाकीजवळ मुद्दाम लांब जाऊन बसलेल्या मुलामुलींनो, नमस्कार.

अध्यक्षसाहेबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पोरांना मोबाइलबद्दल चार शब्द सांगा." मी म्हटलं, येते, पण पोरांना चार शब्द सांगायला नको. ते काम इथं घरोघर रोज होतच असेल आणि चार शब्दांवर थांबतही नसेल. मी मोठ्यांशी बोलते. मुलांना ऐकायचं तर ऐकू द्या, नाहीतर जेवणाची पानं मांडू द्या.

आणखी एक विनंती केली होती. तुमच्या फाटकाजवळ जी तक्रारपेटी आहे, ती आठ दिवस मुलांसाठी मोकळी ठेवा. मनात येईल ते लिहावं, नाव घालू नये. आणि माझ्याशिवाय कुणी वाचू नये असं वाटत असेल तर कोपऱ्यात फुली मारावी. अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यांच्याकडे शेवटी येते.

तुमच्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. इथं पाया खणला त्या वर्षी जन्मलेलं मूल आज पंचवीस वर्षांचं आहे. योगायोग बघा, मेंदूचं शास्त्रही याच आकड्याच्या आसपास येतं. पुढचा विचार करणं, आलेली लाट आवरणं, परिणाम तोलणं हे काम कपाळामागच्या भागाचं, आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. राग, ओढ, चारचौघांत मान मिळण्याची भूक, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी जोरात सुरू होतं. म्हणजे घराला वायरिंग झालं, दिवे लागले, पंखे फिरायला लागले, पण मेन स्विच नंतर बसवायचा आहे, अशी ती अवस्था. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. घरातले लोक त्याला 'अंगात आलंय' म्हणतात. झोपेचंही तसंच. या वयात झोप येण्याची वेळच शरीर दीड-दोन तास पुढे ढकलतं. रात्री अकराला टक्क जागा आणि सकाळी सहाला उठवत नाही, यात थोडा मोबाइल आहे, थोडं शरीर आहे. सगळाच माजोरीपणा नाही.

आता माझ्या खोलीत काय होतं ते सांगते. आईवडील मुलाला घेऊन येतात. तिघं बसतात. वडील बोलतात, आई मधून मधून दुरुस्त्या करते, आणि ज्याच्यासाठी आले तो जमिनीकडे बघत असतो. पाच मिनिटांत एक वाक्य येतंच. "मॅडम, ह्याला जरा समजावून सांगा." या वाक्याचा अर्थ मला इतक्या वर्षांत पाठ झाला आहे. अर्थ असा, की आम्ही जे शंभरदा सांगितलं तेच तुम्ही एकदा सांगा, तुमच्याकडे डिग्री आहे.

मी ते करत नाही. आईवडिलांचं सगळं ऐकून घेते, लिहून घेते आणि मग त्यांना बाहेर बसायला सांगते. बाहेर जाताना पुष्कळ वडिलांचा चेहरा, गाडी गॅरेजमध्ये सोडून निघालेल्या माणसासारखा असतो. संध्याकाळपर्यंत होईल ना?

खोलीत आम्ही दोघंच उरलो की मी मुलाला पहिल्यांदा नियम सांगते. तू इथं जे बोलशील ते माझ्याजवळ राहील. आईवडिलांना मी काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. पण काही गोष्टी मी लपवणार नाही, आणि त्या आत्ताच सांगते. तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, किंवा तुझ्या हातून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर कुणी लैंगिक अत्याचार केला असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं मला बंधनकारक आहे. हे ऐकल्यावर मुलं गप्प होतील असं तुम्हाला वाटेल. उलट होतं. नियम आधी कळला की मूल पहिल्यांदा मान वर करतं.

गुप्तता म्हणजे डॉक्टरांचा हट्ट नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात उपचार घेणाऱ्याचा तो हक्क म्हणून लिहिलेला आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. वीस वर्षांच्या मुलीचे वडील मला फोन करून म्हणतात, "फी मी भरतो, मग ती काय बोलली ते मला कळायला नको का?" भाऊ, फी तुम्ही भरता त्याबद्दल आभार. पण तुम्ही फी भरता ती तिला बोलायला जागा मिळावी म्हणून.

हे मी इतक्या ठामपणे का बोलते, तर एकदा माझ्याकडून चूक झाली आहे. सुरुवातीची वर्षं होती. सोळा वर्षांचा एक मुलगा यायचा. (कोण, कुठला ते सांगणार नाही. आज जी उदाहरणं देते आहे त्यात ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे.) चार भेटी तो जवळपास काहीच बोलला नाही. पाचव्या भेटीत म्हणाला की शाळेतून परस्पर नदीवर जाऊन बसतो. पोहत नाही, काही नाही, नुसता बसतो. वर्गात बसलं की छातीत धडधडतं म्हणून. त्याच दिवशी वडील दारात भेटले. काळजीनं अर्धे झालेला माणूस. म्हणाले, "मॅडम, एवढंच सांगा, शाळेत तरी जातो ना?" आणि मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "रागावू नका, पण अधूनमधून बुडवतो." एवढंच. वडील रागावले नाहीत. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवशी त्याला शाळेच्या दारापर्यंत सोडलं, आणि मग रोजच सोडायला लागले.

तो सहाव्या भेटीला आला नाही. सातव्यालाही नाही. महिनाभरानं आईनं ओढून आणला, तेव्हा तो खुर्चीत बसला आणि एकच वाक्य बोलला, "तुम्ही पण त्यांच्याच." त्यानंतर तो माझ्याकडे कधी आला नाही. पुढे दुसरीकडे दाखवलं, बरं चाललंय, असं उडत उडत कळलं. मी जे सांगितलं ते खरं होतं, वडिलांच्या काळजीपोटी सांगितलं होतं, आणि तरी त्या मुलाचं जगातलं बोलायचं एक ठिकाण माझ्या एका वाक्यानं बंद झालं. आज तोच प्रसंग आला तर मी वडिलांना म्हणेन, "हे तुम्ही त्याला विचारा, आणि विचारल्यावर तो काय सांगेल ते ऐकायची तयारी ठेवा. मी दोघांना एकत्र बसवते."

विचारणं या गोष्टीवर आपल्याच भागातली एक आठवण सांगते. जांब समर्थ इथून दूर नाही, आपल्याच घनसावंगी तालुक्यातलं. समर्थांची कथा इथं मी सांगायची म्हणजे सूर्याला काजवा. पण एक प्रसंग बघा. लहानगा नारायण सापडत नाही, सगळे शोधतात, आणि तो घरातच अंधारात एकटा बसलेला सापडतो. आई विचारते, इथं काय करतोस? तो म्हणतो, जगाची काळजी करतोय. कीर्तनात आपण त्या उत्तराला टाळ्या देतो. मला मात्र व्यवसायामुळे आईचं वागणं दिसतं. मूल अंधारात एकटं बसलंय, आणि ती त्याला काय करतोस असं विचारते. म्हणून उत्तर मिळालं. आपण काय करतो? दिवा लावतो आणि म्हणतो, "अंधारात काय बसलास भुतासारखा, ऊठ, अभ्यासाला बस." आणि पुढे त्याच नारायणाची बाराव्या वर्षी लग्नाची घाई झाली, तेव्हा तो बोहल्यावरून निघून गेला, असं परंपरा सांगते. समर्थ व्हायला पळून जावं लागतं असं मी म्हणत नाही हं मुलांनो, टाकीजवळून हसू नका.

बरं, दार लावून आत नेमकं करता काय, असं लोक विचारतात. नुसत्या गप्पाच ना? गप्पाच. पण त्यांना रीत आहे. वेगवेगळे मानसशास्त्रज्ञ वेगवेगळ्या रीतीनं काम करतात. मी जी वापरते ती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५च्या सुमारास मांडली. आपल्याकडे किशोर फडके यांनी एलिसशी तीस वर्षांहून अधिक काळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मुंबईत शिकवली. पुढे ठाण्याला १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती भाषणांतून, पुस्तकांतून मराठी घरांत पोचवली. मराठीत तिला विवेकनिष्ठ पद्धत म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे.

एलिस स्वतः एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. त्यानं काय केलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची, असं ठरवलं. १३० जणींजवळ बसला. तीस जणी लगेच उठून गेल्या. शंभर जणींशी बोलला. एकच जण पुन्हा भेटायला यायचं कबूल झाली आणि तीही आली नाही! पण कुणी त्याला मारलं नाही, पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही. भीती गेली. (मुलांनो, हा प्रयोग बसस्टँडवर करायचा नाही. एखादीच्या शेजारी जाऊन बसलं म्हणजे तिला काय वाटतं, हाही प्रश्न आहे, आणि त्या काळी तो कुणी फारसा विचारत नव्हतं.)

एलिसचं म्हणणं असं, की घडलेली घटना आपल्याला थेट आजारी पाडत नाही. मध्ये एक वाक्य असतं, आपणच आपल्याला सांगितलेलं. मराठीत ते वाक्य ओळखायला फार सोपं आहे, कारण त्यात 'च' असतो. मला चांगले मार्क मिळावेत, ही इच्छा. मला मिळालेच पाहिजेत, ही मागणी. पहिलीत अपयश आलं तर वाईट वाटतं, रडू येतं, आणि चार दिवसांनी माणूस पुस्तक उघडतो. दुसरीत अपयश आलं तर माणूस म्हणतो, मी संपलो.

एकोणीस वर्षांची एक मुलगी. नीटची परीक्षा दुसऱ्यांदा दिलेली. पहिल्या वर्षी लातूरला राहून, दुसऱ्या वर्षी घरी. ७२० पैकी जे मार्क पडले त्यात सरकारी कॉलेज मिळणार नव्हतं. निकालापासून ती घराबाहेर पडली नव्हती. गच्चीवर कपडे वाळत घालायलासुद्धा अंधार पडल्यावर जायची. घरचे म्हणत होते, तिला धीर द्या. मी धीर दिला नाही. "तू हुशार आहेस, पुढच्या वेळी होईल" असं म्हटलं असतं, तर मीही तिच्यावर एक मागणीच टाकली असती. मी विचारलं, बाहेर पडलीस तर काय होईल? ती म्हणाली, बायका विचारतील. काय विचारतील? निकाल काय लागला. मग? मग सांगावं लागेल. सांगितल्यावर? बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्या म्हणतील, दोन वर्षं वाया गेली." मी म्हटलं, म्हणतील. अगदी हेच म्हणतील. आणि मग तुला काय होईल? यावर ती रडली, आणि रडता रडता जे म्हणाली ते महत्त्वाचं होतं. "त्या म्हणाल्या तर ते खरं होईल."

तिथून काम सुरू झालं. दुसऱ्यानं म्हटलं म्हणून एखादी गोष्ट खरी होते का, हे आम्ही तीन आठवडे तपासत होतो. वहीत दोन रकाने केले. डावीकडे, मला काय हवं होतं. उजवीकडे, त्यात 'च' कुठं घुसला. दोन वर्षांत ती काय शिकली याची यादी केली. तीत जीवशास्त्र होतं, तशी खानावळीतल्या डब्याची भांडणं मिटवणंही होतं. आणि शेवटी गृहपाठ. शेजारी बारसं होतं. तिथं जायचं, पाळण्याजवळ उभं राहायचं, आणि कुणी विचारायच्या आधी आपणच सांगायचं, काकू, माझं नाही झालं. घरी आम्ही दोघींनी नव्हे, तिनं एकटीनं आरशासमोर सराव केला. बारशाहून आली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मॅडम, सहा जणींना सांगितलं. चौघी म्हणाल्या, असू दे. एक म्हणाली, दोन वर्षं वाया गेली." मग? "मग मी घुगऱ्या खाल्ल्या."

ती आता काय करते, डॉक्टर झाली का, असं तुम्हाला विचारायचंय. सांगणार नाही. तो तिचा प्रश्न आहे.

तुम्हीसुद्धा 'च' लावता. पोराच्या 'च'चं मूळ बहुधा ओसरीवरच असतं. एक मोसंबीवाले बागायतदार माझ्याशी यावर भांडले. म्हणाले, "मॅडम, ताण दिल्याशिवाय बहार येत नाही. पोराचंही तसंच असतंय." मला उत्तर सुचेना, कारण मला शेतीतलं कळत नाही. मी त्यांनाच विचारलं, तुम्ही ताण कसा देता? मग ते खुलले. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. रोज बागेत फिरून पानं बघायची. पानं पिवळी पडून थोडी गळायला लागली की थांबायचं. ताण तुटला की खत-पाणी बेतानं. आणि आजारी झाडाला, आधीच फळ लादलेल्या झाडाला ताण द्यायचाच नाही. बोलता बोलता ते थांबले. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "त्याची पानं कोण बघायलंय?"

पानं बघायची म्हणजे काय, तेही सांगते, कारण इथं हलगर्जी चालत नाही. दोन आठवड्यांच्या वर मूल सतत उदास किंवा चिडचिडं राहिलं, आवडीचा खेळ, आवडीचे मित्र सुटले, झोप-जेवण बिघडलं, स्वतःला इजा केलेली दिसली, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास" असं बोलायला लागलं, तर वाट बघू नका. आणि सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं, हा गैरसमज आहे. विचारल्यानं मूल एकटं उरत नाही. उत्तर हो आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात. आणि मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ते एमबीबीएसनंतर शिकलेले डॉक्टर असतात, औषध ते देतात. मी मानसशास्त्रज्ञ, मी औषध देत नाही, आणि पुष्कळ मुलांना माझ्यासारखीच्या गप्पांबरोबर औषध लागतं. देवाला नवस बोलायचा तर बोला, गोळी मात्र चुकवू नका. रात्री-अपरात्री काही सुचेना तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारनं २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेला, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलांनी स्वतः लावला तरी चालतो. पोलीसकेस होईल या भीतीनं कुणी काही लपवू नका. २०१७च्या कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं आहे. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत.

सचिवसाहेब घड्याळ दाखवतायत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' सिनेमा मिळाला तर घरच्यांनी मिळून बघा, एवढं सांगते. सुवर्णकमळ मिळालेला आहे. खचलेल्या एका तरुणाला एक बाई घरी आणते आणि फार काही विचारत बसत नाही. फक्त असते.

आता चिठ्ठ्या. अकरापैकी सातांवर फुली आहे. त्या मी वाचणार नाही. फुली नसलेल्या चार. एकीत लिहिलंय, "क्रिकेटचा बॉल परत द्या, घर नंबर नऊ." हे अध्यक्षसाहेबांकडे. दुसरी, "आई माझी डायरी वाचते आणि वाचली नाही असं म्हणते. मला कळतं." तिसरी, "मला ताईसारखं व्हायचं नाही. ताईला पण ताईसारखं व्हायचं नव्हतं." चौथी लहान अक्षरात आहे. "पप्पा हसले की मला भीती वाटत नाही."

अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका, प्लीज. पेटीची किल्ली अध्यक्षांनी आठ दिवस माझ्याकडेच ठेवली होती, त्यामुळे त्यांनाही विचारून उपयोग नाही.

एक शेवटचं. मी आज परत जाणार होते, पण उद्या रविवार आहे, थांबते. सकाळी दहापासून संस्थेच्या कार्यालयात बसेन. बारा वर्षांपुढचं प्रत्येक मूल, घर नंबर एकपासून ओळीनं, प्रत्येकी पाच-दहा मिनिटं. सगळ्यांनी यायचं. ज्याला काही बोलायचं नाही त्यानं बॉलबद्दल बोलावं. आईवडिलांनी घरीच थांबावं, आणि परत आल्यावर काय विचारलं, असं विचारू नये. सगळेच का, हेही मला विचारू नका. कॉलेजला बाहेरगावी असलेली मुलं सणाला आली असतील तर त्यांनाही पाठवा. शेवटचं घर होईपर्यंत मी हलणार नाही, चहा तेवढा पाठवत राहा.